बर्फ गेल्यावरचे पहिले दिवस: अल्गॉन्क्विनमध्ये कॅनू आणि ट्राउटची पहिली सहल

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडची आपली बरीच मंडळी ऑन्टारिओतल्या अल्गॉन्क्विन उद्यानात जातात ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मेपलची पानं लाल झाली की. हायवे ६० वरून गाडी न्यायची, एखादी टेकडी चढायची, फोटो काढायचे आणि रात्री जेवायला घरी. पण ज्याला गळ टाकायची ओढ आहे, त्याच्यासाठी या जंगलाचा मोसम वेगळा आहे. तलावांवरचं बर्फ फुटतं तेव्हापासून मेच्या मध्यापर्यंतचे ते दोन-तीन आठवडे. माझं लहानपण कर्ली खाडीच्या काठी गरवण्यात गेलं. इथे आल्यावर मासेमारीचा तोच जुना आनंद मला या दिवसांत परत मिळाला. म्हणून नव्याने जाणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी हा मोसम एवढा खास का, ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर ठरते. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. बर्फ गेल्यावर वरचं पाणी त्या तापमानाला पोचतं, खाली जातं, वारा त्याला ढवळतो, आणि काही दिवस अख्खा तलाव वरपासून तळापर्यंत एकसारखा गार आणि प्राणवायूने भरलेला असतो. लेक ट्राउटला साधारण १० अंशांचं पाणी मानवतं. उन्हाळ्यात तो पंधरा-वीस मीटर खोल जाऊन बसतो, तिथे साध्या गळाने पोचणं अवघड. मेच्या सुरुवातीला मात्र तोच मासा काठाजवळ, दोन-चार मीटर पाण्यात फिरत असतो. शिवाय ब्लॅकफ्लाय ही चावरी काळी माशी अजून उठलेली नसते. ती उठली की महिनाभर माणसाला धड बसू देत नाही.

ज्या थंडीमुळे मासा वर येतो, तीच थंडी पाण्यात पडलेल्या माणसाचा जीव घेते. सगळी आखणी मासा कुठे मिळेल यावरून करू नका, पाणी किती गार आहे यावरून करा.

तारीख कशी ठरवायची

अल्गॉन्क्विनमध्ये ट्राउटचा मोसम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. बर्फ मात्र कॅलेंडर पाहत नाही. साधारणपणे ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जातं, पण हिवाळा लांबला तर मोसम उघडला तरी तलाव गोठलेलेच असतात. उद्यानातला सर्वांत मोठा तलाव ओपिऑन्गो. त्याचं बर्फ कधी गेलं याची नोंद दर वर्षी होते, आणि गळवाले मार्चपासूनच तिच्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

नवख्यांनी मेचा दुसरा आठवडा धरावा असं माझं मत आहे. तोवर बहुतेक वर्षी तलाव मोकळे झालेले असतात, पोर्टेजच्या, म्हणजे दोन तलावांमधल्या पायवाटांवरचं बर्फही गेलेलं असतं आणि माशी आली तरी नुकतीच आलेली असते. त्यानंतरचा व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड टाळा. गर्दी आणि माशी दोन्ही एकदम येतात. दोन रात्री पुरे. पहिल्याच खेपेला चार-पाच रात्रींचा बेत करणारे तिसऱ्या दिवशी ओल्या मोज्यांनी आणि अपुऱ्या झोपेने हैराण होतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. आयुष्यात कधी कॅनूत, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या निमुळत्या होडीत, बसला नसाल तर पहिला धडा मेच्या पाण्यात घेऊ नका. आदल्या उन्हाळ्यात टोरांटो आयलंड्सच्या आतल्या शांत पाण्यात किंवा घराजवळच्या एखाद्या तलावात तीन-चार वेळा वल्हवून घ्या. मुद्दाम कॅनू उलटवून तिच्यात परत चढायचा सराव ऑगस्टच्या कोमट पाण्यातच करायचा असतो.

तलाव कुठला

हे उद्यान १८९३ साली स्थापन झालं. विस्तार साधारण ७,६०० चौरस किलोमीटर, तलाव दोन हजारांहून जास्त. नकाशा उघडला की माणूस भांबावतो. तेव्हा एवढंच पाहा: तलाव मध्यम आकाराचा हवा, काठ सतत जवळ हवा आणि पोर्टेज छोटं हवं. पोर्टेज म्हणजे दोन तलावांमधली पायवाट. तिच्यावरून कॅनू आणि सामान खांद्यावर वाहून न्यायचं असतं.

ओपिऑन्गो पहिल्या सहलीसाठी नको. मासा भरपूर आहे, पण वारा सुटला की त्या लांबलचक पाण्यावर बघता बघता लाटा उसळतात, आणि काठ दूर असतो.

माझी शिफारस कॅनू लेकची. उद्यानाच्या वेस्ट गेटपासून हायवे ६० वर १४ किलोमीटरवर फाटा आहे. परवान्याचं ऑफिस, भाड्याच्या कॅनू, गाडी ठेवायची जागा, सगळं काठावरच आहे. तिथून उत्तरेला तास-दीड तास वल्हवलं की २९५ मीटरचं पोर्टेज लागतं. वाट रुंद आणि सोपी. पलीकडे ‘जो’ नावाचा तलाव (Joe Lake), आणि त्याला लागूनच टीपी लेक. तिकडे जायला पुन्हा कॅनू उचलावी लागत नाही. पहिला मुक्काम ‘जो’ तलावावर, दुसरा टीपीवर, किंवा दोन्ही रात्री एकाच जागी. मी दुसरा पर्याय निवडेन, कारण तंबू रोज उपटण्यात गळ टाकायची सकाळ वाया जाते.

जाता जाता वाटेत हेहर्स्ट पॉइंटवर टॉम थॉमसनचं दगडी स्मारक दिसेल, १९३० साली उभारलेलं. कॅनडाचा हा मोठा चित्रकार याच तलावांवर वल्हवायचा, गळ टाकायचा, चित्रं काढायचा. १९१७ च्या ८ जुलैला तो कॅनू घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा देह याच पाण्यात सापडला. नेमकं काय घडलं यावर अजून वाद आहेत. तिथे कॅनू लावून दोन मिनिटं थांबावं, असं मला दर वेळी वाटतं.

कागदपत्रं

आतल्या भागात मुक्कामासाठी बॅककंट्री परवाना लागतो. पाच महिने आधीपासून तो ऑन्टारिओ पार्क्सच्या संकेतस्थळावर मिळतो. आरक्षण तलावाचं होतं, ठराविक जागेचं नाही. तलावावर पोचल्यावर नारिंगी पाटी असलेली जी जागा रिकामी असेल ती आपली. म्हणून दुपारी दोन-तीनच्या आत पोचा. पोर्टेजची पाटी पिवळी असते. एका जागेवर जास्तीत जास्त ९ माणसं.

मासेमारीसाठी १८ ते ६४ वयाच्या ऑन्टारिओवासीयांना आउटडोअर्स कार्ड आणि परवाना दोन्ही लागतात. परवान्याचे दोन प्रकार आहेत, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरा स्वस्त आहे, त्यात मासे कमी ठेवता येतात, आणि नवख्याला तो पुरतो. भारतातून भेटीला आलेले आईवडील सोबत असतील तर त्यांच्यासाठी परदेशी पाहुण्यांचा वेगळा परवाना काढा. ६५ वर्षांनंतरची सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. हा भाग मासेमारीच्या झोन १५ मध्ये येतो. निघण्याआधी त्या वर्षीचे नियम आणि आपल्या तलावाचे अपवाद वाचून घ्या. तीन गोष्टी मात्र आत्ताच लक्षात ठेवा: एका माणसाने एकच गळ टाकायचा. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून जवळ बाळगायलाही बंदी आहे. आणि बास या माशाचा मोसम जूनच्या चौथ्या शनिवारी उघडतो, तेव्हा मेमध्ये बास लागला तर लगेच सोडून द्यायचा.

गार पाण्याचा हिशेब

दर वर्षी कुणी नवीन माणूस सोबत असला की मी त्याला धक्क्यावर एक गोष्ट करायला लावतो. बाही वर करायची, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि साठपर्यंत मोजायचं. मग त्या हाताने तंगुसाला चमचा, म्हणजे माशाला भुलवणारी चमकती धातूची पट्टी, बांधायचा. गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याने हे केलं. विसाव्या आकड्याला त्याचा चेहरा बदलला, चाळिशीला त्याने दात आवळले. साठ झाल्यावर हात बाहेर काढला तेव्हा बोटं लालबुंद, ताठ. तंगूस कडीतून जाईना. तीन वेळा सुटलं. चौथ्यांदा त्याने हात खाली घेतला, काही न बोलता लाइफ जॅकेटची झिप गळ्यापर्यंत ओढली आणि तिन्ही बकलं लावली. पुढे दोन दिवस मला त्याला आठवण करावी लागली नाही. ही गोष्ट तुम्हीही कराच.

मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं सूत्र इथे सगळे शिकवतात: १, १०, १. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा. पाणी लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि धाप लागते, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपतं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर बोटं आणि दंड ऐकत नाहीत. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे माणूस थंडीने मरायच्या बराच आधी त्याला पोहता येईनासं होतं. लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच तो उरलेला तास तुमचा. कायद्याने ते नावेत असलं तरी चालतं. मी ज्यांच्यासोबत जातो त्यांना मात्र ते अंगात घातल्याशिवाय कॅनूत बसू देत नाही.

उलटलात तर कॅनू सोडू नका. तिला धरून आधी श्वास शांत करा, मग त्या दहा मिनिटांत काठ गाठा किंवा पालथ्या कॅनूवर जमेल तेवढं अंग वर ओढा. काठावर आल्यावर ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, जाळ करायचा आणि गोड गरम काहीतरी प्यायचं. दारू अजिबात नाही. लायटर आणि थोडं पेटवण लाइफ जॅकेटच्या खिशात, जलरोधक पिशवीत ठेवा. सामानातला लायटर सामानाबरोबर वाहून गेलेला असतो.

यातून वल्हवण्याचे नियम आपोआप निघतात. काठापासून इतकंच लांब जायचं की दहा मिनिटांत परत येता येईल. तलाव मधून आडवा कापायचा नाही, वळसा पडला तरी चालेल. वारा बहुधा दुपारी चढतो, म्हणून पहाटे निघायचं. लाटांवर पांढरा फेस दिसला की काठाला लागायचं आणि चहा करायचा, मग त्यात चार तास गेले तरी जाऊ द्यायचे. सोमवारी कामावर पोचायचं आहे म्हणून वाऱ्यात निघणं हा सर्वांत घातक निर्णय. एक दिवस जास्तीची रजा टाकूनच घरून निघा.

कॅनू, कपडे, झोप

कॅनू विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. केव्हलारची सोळा-सतरा फुटी कॅनू साधारण वीस किलोची असते. भाडं जास्त पडतं, पण पोर्टेजवर त्या पैशांची किंमत कळते. सोबत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि १५ मीटरचा तरंगता दोर कायद्याने लागतोच. एक वल्हं जास्तीचं घ्या. जड सामान तळाशी, मधोमध. वारा लागला तर बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा, होडीचा तोल लगेच सुधारतो.

जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की अंगातली ऊब शोषून घेतं. आतून लोकर किंवा सिंथेटिक, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. मेच्या सुरुवातीला रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी तंबूवर दहिवराचं बर्फ झालेलं असतं. स्लीपिंग बॅग उणे तापमानाची हवी आणि खालचं मॅट तिच्याइतकंच महत्त्वाचं, कारण थंडी जमिनीतून वर येते. स्लीपिंग बॅग आणि कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत. त्या जोडाला मुक्कामावर पोचेपर्यंत हात लावायचा नाही.

मोबाइलला आत रेंज नाही. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, घ्या. घरी एका माणसाकडे मार्ग, मुक्कामाचे तलाव, गाडीचा नंबर आणि परतायची वेळ लिहून ठेवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही.

हंट्सव्हिलमध्ये गाडीची टाकी भरून घ्या. वसंतात मूस हे उंटाएवढं हरीण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटायला हायवेच्या कडेला येतं. संध्याकाळनंतर वेग कमी ठेवा.

शिधा

आतल्या भागात डबाबंद आणि बाटलीबंद खाद्यपदार्थांना बंदी आहे. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. म्हणजे लोणच्याची बरणी, तुपाची काचेची बाटली, छोल्यांचा डबा घरीच राहिला. तूप, लोणचं, कोकमाचं आगळ झाकण घट्ट बसणाऱ्या, पुन्हा वापरायच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत काढून घ्या.

या प्रवासाला आपलं कोरडं खाणं फार उपयोगी पडतं. भाजणीचं पीठ, मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग, गूळ, मुगाची डाळ आणि तांदूळ. भाजणी पाण्यात कालवून तव्यावर थापली की दहा मिनिटांत जेवण होतं. थंडीत भूक दुप्पट लागते, तूप-गुळात हात आखडू नका. आणि मासा मिळेल या भरवशावर शिधा कमी नेऊ नका.

स्टोव्ह हवाच. मेमध्ये लाकूड ओलं असतं आणि कधी आगीवर बंदीही लागते. जाळ फक्त ठरलेल्या दगडी चुलीत, खाली पडलेल्या वाळक्या लाकडाचा. तलावाचं पाणी उकळून किंवा गाळून प्या.

काळी अस्वलं या दिवसांत नुकतीच बाहेर पडलेली आणि भुकेली असतात. सगळं खाणं, टूथपेस्टसुद्धा, एका पोत्यात घालून तंबूपासून दूर झाडाला टांगायचं, जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन-तीन मीटर लांब. दोर उजेड असतानाच फांदीवर टाकून ठेवा. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको.

गळ टाकताना

सहा-साडेसहा फुटी स्पिनिंग रॉड, सहा किंवा आठ पाउंडांचं तंगूस, चार-पाच चांदीच्या किंवा निळ्या रंगाचे चमचे आणि दोन-तीन छोटे स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारं पातं असलेले गळ. नवख्याला याहून जास्त काही लागत नाही.

लेक ट्राउटसाठी चमचा कॅनूमागे पंचवीस-तीस मीटर सोडायचा आणि काठाला समांतर, अगदी सावकाश वल्हवत राहायचं. सरळ रेषेत नको, नागमोडी. वळणावर चमचा थोडा खाली बसतो, पुन्हा उचलतो, आणि मासा बहुधा तेव्हाच झडप घालतो. खडकाळ टोकं आणि ओढ्यांची तोंडं सोडू नका. तलावाचा उत्तर काठ दक्षिणेकडे तोंड करून असतो, त्याला ऊन जास्त मिळतं आणि तिथलं पाणी आधी कोमट होतं. दुपारी तिथे जा. ब्रूक ट्राउट त्याहून काठाशी, पडलेल्या ओंडक्यांच्या आसपास असतो. त्याला स्पिनरवर गांडुळाचा तुकडा आवडतो. उरलेली गांडुळं तिथे मातीत टाकू नका, कचऱ्यात परत आणा. हिमयुगानंतर या जंगलात मूळची गांडुळं उरलेलीच नाहीत, बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पाचोळा संपवून टाकतात.

मासा लागला की दोघांपैकी एकानेच हालचाल करायची. दुसऱ्याने वल्हं पाण्यावर आडवं धरून होडी स्थिर ठेवायची. उभं राहायचं नाही. मासा कडेला आला की दोघंही एकाच बाजूला वाकतात, आणि कॅनू उलटते ती नेमकी तेव्हा. म्हणून लांब दांड्याची जाळी ठेवा.

हातात आलेला मासा ओळखा. शेपटीला खोल खाच असेल आणि अंगावर करड्या रंगावर फिकट ठिपके असतील तर तो लेक ट्राउट. शेपटी जवळजवळ सरळ कापलेली, बाजूवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके आणि पोटाकडच्या परांना पांढरी किनार असेल तर ब्रूक ट्राउट. पहिला ब्रूक ट्राउट मी हातात धरला तेव्हा ती पांढरी किनार पाण्यातही चमकत होती, पैठणीच्या काठासारखी. सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गरी काढा. लेक ट्राउट फार सावकाश वाढतो, मोठा लागला तर तो सोडावा असं मला वाटतं. खायला लहानच चवदार.

एक मासा दोघांना पुरतो. साफसफाई मुक्कामापासून लांब, आतडी जंगलात आत नेऊन टाकायची, चुलीपाशी किंवा काठावर नाही. आगळ, हळद, तिखट, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, रव्यात घोळवा आणि थोड्या तेलावर कातडीची बाजू आधी खाली टाका. ट्राउट बांगड्यासारखा तेलकट असतो, तेल बेतानेच घ्या. हे सगळं उजेडात उरका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठ-साडेआठला मावळतो, तेव्हा सहाला चूल पेटवली की खाणं, भांडी आणि पोतं टांगणं अंधाराआधी होतं. तवा घासलेलं पाणी तलावात ओतू नका, काठापासून लांब मातीत जिरवा. ज्या शर्टावर मासा साफ केला तो शर्ट घालून तंबूत झोपू नका, खाण्याच्या पोत्यासोबत टांगा.

परतीच्या दिवशी पहाटे, पाणी सपाट असताना निघा. चुलीतल्या राखेवर पाणी ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा. धक्क्यावर पोचल्यावर कॅनू परत करा, आणि रेंज आली की सर्वांत आधी तो घरचा फोन.